विषाणूभाराच्या सोळा नोंदी, दोन दर: सिस्टिम्स बायॉलॉजीचा प्रकल्प कसा उभा करावा

सिस्टिम्स बायॉलॉजी आणि ट्रान्सलेशनल मेडिसिनच्या अभ्यासक्रमात सत्राच्या शेवटी प्रकल्प असतो. एमडी करणारे असोत की एमएस्सी किंवा पीएचडीचे विद्यार्थी, बहुतेक जण वीस हजार जनुकांचा डेटासेट उतरवून घेतात, तयार पाइपलाइन चालवतात आणि रंगीत हीटमॅप चिकटवतात. तोंडी परीक्षेत "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं की उत्तर सापडत नाही. त्यापेक्षा तीन समीकरणांचं छोटं मॉडेल घ्या. ते हाताने सोडवता येतं, संगणकावर तपासता येतं आणि त्याच्या निकालावरून प्रत्यक्ष उपचार बदलले, हेही दाखवता येतं.

असं एक उत्तम उदाहरण म्हणजे औषध सुरू केल्यावर एचआयव्हीचा विषाणूभार (रक्ताच्या एका मिलिलिटरमधलं विषाणूचं प्रमाण) कसा उतरतो, याचं मॉडेल. १९९५ च्या जानेवारीत 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले, डेव्हिड हो यांच्या गटाचा आणि जॉर्ज शॉ यांच्या गटाचा. पुढच्या वर्षी ॲलन पेरेल्सन आणि हो यांनी 'सायन्स'मध्ये त्याच विचाराला नेमकं गणित दिलं. संसर्गानंतर अनेक वर्षं रुग्णाला लक्षणं नसतात, विषाणूभारही साधारण स्थिर असतो, म्हणून विषाणू निवांत आहे असं मानलं जाई. या आकडेमोडीतून कळलं की ती स्थिरता नळ आणि मोरी दोन्ही पूर्ण उघडी असलेल्या टाकीची आहे. रोज सुमारे दहा अब्ज विषाणूकण तयार होतात आणि तेवढेच नष्ट होतात.

आधी प्रश्न, मग समीकरण

प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात मांडा: रिटोनाविरसारखं प्रोटीएज इन्हिबिटर सुरू केल्यावर पहिल्या सात दिवसांत विषाणूभार ज्या वळणाने उतरतो, त्यावरून विषाणूकणाचं आणि संसर्गित पेशीचं आयुष्य किती, हे काढता येतं का? "एचआयव्हीचं मॉडेलिंग" हा प्रश्न नव्हे, विषय आहे. मार्गदर्शकाकडे जाताना प्रश्न न्या.

औषध प्रोटीएज इन्हिबिटर आहे, हे पहिल्या पानावरच लिहा, कारण समीकरणं त्यावर ठरतात. हे औषध पेशीला संसर्ग होण्यापासून वाचवत नाही. आधीच संसर्गित असलेल्या पेशीतून कण बाहेर पडणंही ते थांबवत नाही. मात्र औषधानंतर बाहेर पडणारे कण निकामी असतात, पुढच्या पेशीला लागण करू शकत नाहीत. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी आरएनए मोजते. कण कामाचा की निकामी, हे तिला कळत नाही. म्हणून मॉडेलमध्ये तीन राशी लागतात: संसर्गक्षम कण, निकामी कण आणि संसर्गित पेशी. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजे चाचणीचा आकडा.

दर दोनच. कण रक्तातून नाहीसे होण्याचा दर म्हणजे सी आणि संसर्गित पेशी मरण्याचा दर म्हणजे डेल्टा, दोन्ही प्रति दिवस. औषधाआधी सगळं स्थिर होतं हे गृहीत धरलं आणि प्रत्येक राशीला तिच्या औषधाआधीच्या पातळीने भागलं (निकामी कणांना एकूण विषाणूच्या पातळीने), की समीकरणं अशी उरतात:

संसर्गक्षम कणांतला बदल = −सी × संसर्गक्षम कण
संसर्गित पेशींतला बदल = डेल्टा × (संसर्गक्षम कण − संसर्गित पेशी)
निकामी कणांतला बदल = सी × (संसर्गित पेशी − निकामी कण)

सुरुवातीच्या किमती अनुक्रमे १, १ आणि ०.

इथे जरा थांबा. मूळ मॉडेलमध्ये संसर्गाचा दर होता, निरोगी सीडी४ पेशींची (एचआयव्ही ज्यांना लागण करतो त्या प्रतिकारपेशींची) संख्या होती आणि एका पेशीतून किती कण बाहेर पडतात तेही होतं. भागाकार केल्यावर हे तिन्ही गळून पडले. याचा अर्थ सात दिवसांच्या विषाणूभारावरून या तीन गोष्टी वेगवेगळ्या काढताच येणार नाहीत, मग संगणक कितीही मोठा असो. पुष्कळ विद्यार्थी पाच-सहा पॅरामीटर एकदम फिट करायला, म्हणजे वक्र नोंदींशी जुळेल अशा त्यांच्या किमती शोधायला बसतात आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं की सॉफ्टवेअरला दोष देतात. दोष समीकरणाच्या रचनेतच असतो आणि तो कागदावर, अर्ध्या तासात सापडतो.

सीडी४ पेशी सात दिवस स्थिर आहेत, हे गृहीतक वेगळ्या ओळीत लिहा. आठवड्यापुरतं ते चालतं. महिनाभराच्या नोंदी असतील तर चालत नाही.

हाताने एकदा सोडवा

सी = ३ आणि डेल्टा = ०.५ घ्या. १९९६ च्या लेखात पाच रुग्णांची सरासरी सी साठी ३.०७ आणि डेल्टासाठी ०.४९ आली होती, म्हणून हे सोयीचे गोल आकडे. एकूण विषाणूभाराचं सुरुवातीशी असलेलं गुणोत्तर, ट दिवसांनी, असं येतं (इ म्हणजे नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७१८):

इ^(−३ट) + १.४४ × [इ^(−०.५ट) − इ^(−३ट)] − ०.६ × ट × इ^(−३ट)

यातला १.४४ हा सी ÷ (सी − डेल्टा) याचा वर्ग आहे, म्हणजे ३ ÷ २.५ चा वर्ग. ०.६ म्हणजे सी × डेल्टा ÷ (सी − डेल्टा). सुरुवातीचा विषाणूभार १,००,००० प्रती प्रति मिलिलिटर धरला तर:

६ तासांनी ९९,२००
१२ तासांनी ९५,६००
१ दिवसाने ८२,२००
२ दिवसांनी ५२,६००
३ दिवसांनी ३२,१००
५ दिवसांनी ११,८००
७ दिवसांनी ४,३५०

हा तक्ता वहीत हवा, कारण पुढे संगणकाने काढलेला वक्र याच आकड्यांवरून जायला हवा. पहिले सहा तास जवळजवळ काहीच घडत नाही, हे नीट पाहा. औषध पोहोचलंय, पण आधीच्या पेशी कण सोडतच आहेत. फक्त ते कण निकामी आहेत. हाच तो वक्राचा "खांदा". त्यानंतर लॉग पट्टीवर जवळपास सरळ रेषा लागते आणि तिचा उतार डेल्टा सांगतो. सी ची माहिती मात्र खांद्यात दडलेली असते.

ती सरळ रेषा पट्टीने मागे, शून्य दिवसापर्यंत वाढवा. ती १,००,००० ला नाही, १,४४,००० ला जाऊन टेकते. सी जितका मोठा, तितकं हे अंतर लहान. सी = २३ असेल तर रेषा जेमतेम १,०४,५०० ला टेकेल. हा मुद्दा पुढे फार महागात पडणार आहे.

संगणकावर

पायथन असेल तर सायपाय पुरतं, आर असेल तर डीसॉल्व्ह. कोड लिहायची भीती असेल तर कोपासी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात समीकरणं खिडकीत भरता येतात. सॉल्व्हर म्हणून एलसोडा निवडा, कारण सी मोठा केला की समीकरणं ताठर होतात (फार वेगवान आणि फार संथ बदल एकत्र येतात) आणि साधी रुंगे-कुट्टा पद्धत उगाच हजारो पायऱ्या घेते. सापेक्ष अचूकता १०^−८ ठेवा.

पहिलं काम एकच: वरचा तक्ता संगणकाकडून काढून घ्या. सातव्या दिवसाला ४,३५० च्या आसपास आकडा आला नाही तर पुढे जाऊ नका. चूक बहुधा तीनपैकी एका जागी असते. वेळ कुठेतरी तासांत आणि कुठेतरी दिवसांत घेतलेली असते, निकामी कण बेरजेत धरायचे राहिलेले असतात किंवा तिसऱ्या समीकरणात सी ऐवजी डेल्टा पडलेला असतो.

मग खोट्या नोंदी तयार करा. खऱ्या रुग्णाच्या नोंदींना हात लावण्याआधी हे करायचंच, कारण इथे खरं उत्तर तुम्हाला माहीत असतं. १९९६ च्या अभ्यासाचं नमुन्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं घ्या: सहाव्या तासापर्यंत दर दोन तासांनी, दुसऱ्या दिवसापर्यंत दर सहा तासांनी, सातव्या दिवसापर्यंत रोज. शून्य धरून सोळा नोंदी होतात. प्रत्येक आकड्याचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन त्यात ०.१५ प्रमाण विचलनाची यादृच्छिक चूक मिसळा. ०.१५ लॉग ऐकायला किरकोळ वाटतं, पण १,००,००० चा आकडा ७१,००० किंवा १,४१,००० दिसायला तेवढं पुरतं, आणि विषाणूभाराच्या चाचणीत एवढा फरक नेहमीचा आहे. यादृच्छिक आकड्यांचं बीज म्हणजे सीड लिहून ठेवा, नाहीतर उद्या तुमचाच आलेख तुम्हाला परत काढता येणार नाही.

फिटिंग: इथे वेळ द्या

फिट करताना साध्या आकड्यांवर नको, लॉगवर करा. साध्या आकड्यांवर केलं तर १,००,००० च्या आसपासचे पहिले आठ-दहा बिंदू सगळं ओढून नेतात आणि सातव्या दिवसाच्या ४,३५० ला किंमतच उरत नाही. डेल्टाची माहिती नेमकी त्या शेवटच्या बिंदूंत आहे.

पॅरामीटर तीन: सुरुवातीचा विषाणूभार, सी, डेल्टा. सुरुवातीचा विषाणूभार मोजलेल्या पहिल्या आकड्यावर खिळवून ठेवू नका. तो आकडाही चुकीसकट मोजलेला आहे. तिन्ही पॅरामीटर लॉग रूपात द्या, म्हणजे ऋण किमती आपोआप टळतात. हाताचं सूत्र वापरत असाल तर सी आणि डेल्टा सारखे झाले की छेदात शून्य येतं आणि प्रोग्राम कोसळतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे सी ऐवजी सी वजा डेल्टा हा फरक पॅरामीटर म्हणून द्यायचा आणि तो धन ठेवायचा. सुरुवातीचे अंदाज एकच नकोत. सी साठी १, ३, १०, ३० आणि डेल्टासाठी ०.२, ०.५, १ अशा बारा जोड्यांपासून बारा वेळा फिट करा. उत्तरं वेगवेगळी आली तर सर्वांत कमी वर्गबेरजेचं (नोंदी आणि वक्र यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) उत्तर घ्या आणि बाकीची परिशिष्टात दाखवा.

लॉगची एक घोडचूक दर वर्षी कुणीतरी करतंच. दहाच्या पायाच्या आलेखावरून उतार काढला की दिवसाला ०.२१७ येतो. हा डेल्टा नव्हे. त्याला २.३०३ ने गुणलं की ०.५ येतो. गुणायचं विसरलात तर संसर्गित पेशीचं अर्धायुष्य (निम्म्या पेशी उरायला लागणारा वेळ) १.४ दिवसांऐवजी ३.२ दिवस निघतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

औषध गोळीतून पेशीत पोहोचायलाही वेळ लागतो. मूळ अभ्यासात दोन ते सहा तासांचा उशीर जमेस धरला होता. खोट्या नोंदींत तो नाही, पण खऱ्या नोंदींत असतो, आणि तो सोडून दिला की खांदा फुगतो व सी खोटाच लहान दिसतो.

आता प्रकल्पाचा गाभा. फिट झाला, सी = ३.४ आला, पुढे अधिक-उणे काहीतरी छापून आलं. त्यावर विश्वास ठेवायचा का? सॉफ्टवेअर छापतं ती प्रमाणित चूक वक्राच्या तळाशी पॅराबोला धरून काढलेली असते, आणि सी च्या बाबतीत तळ पॅराबोलासारखा नसतोच. त्यासाठी प्रोफाइल लाइकलिहूड काढा. सी ला १ वर खिळवा, बाकी दोन पॅरामीटर पुन्हा फिट करा, उरलेली वर्गबेरीज लिहा. मग सी ला १.५, २, ३, ५, ८, असं करत १०० पर्यंत न्या. प्रत्येक वर्गबेरजेला चुकीच्या वर्गाने, म्हणजे ०.०२२५ ने भागा आणि आलेख काढा. किमानापासून ३.८४ च्या आत राहणाऱ्या सगळ्या किमती ९५ टक्के विश्वासाच्या पट्ट्यात येतात.

आलेख दरीसारखा दिसत नाही. डावीकडे कडा असते, उजवीकडे पठार. सी अनंत मोठा मानला, म्हणजे कण क्षणात नाहीसे होतात असं धरलं, तरी खऱ्या वक्रापासूनचा फरक जास्तीत जास्त ०.१६ लॉग असतो, आणि त्यातला बराचसा सुरुवातीचा विषाणूभार थोडा वर सरकवला की भरून निघतो. हिशेब केला तर ०.०२२५ ने भागलेल्या वर्गबेरजेत सुमारे २ ची वाढ होते. डेल्टा पुन्हा फिट केला की त्याहूनही कमी. ३.८४ ची रेषा दूरच राहते. म्हणजे ०.१५ लॉगच्या चुकीत एका रुग्णाच्या सोळा नोंदी साधारणपणे सी ची खालची मर्यादा सांगतात, वरची सांगत नाहीत. डेल्टाचं तसं नाही. दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या फक्त सहा नोंदींवरून रेषा काढली तरी त्याची प्रमाणित चूक ०.०८ च्या आसपास राहते.

याच खोट्या नोंदी दोनशे वेळा, दर वेळी नव्या चुकीसह तयार करून फिट करा आणि सी विरुद्ध डेल्टा असे दोनशे ठिपके काढा. डेल्टा एका ठिकाणी गोळा होईल, सी ची शेपटी उजवीकडे लांबत जाईल. अहवालातला हाच सर्वांत बोलका आलेख. मग पहिल्या दोन दिवसांतल्या मधल्या नोंदी काढून टाका, फक्त रोजची एक नोंद ठेवा आणि परत करा. पैसे वाचवायला नमुने कमी केले की काय गमावतो, ते आकड्यांत दिसेल.

इतिहासाने केलेली उजळणी

हे पठार केवळ गणितातलं नाही. १९९९ मध्ये रामरत्नम आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये सी वेगळ्या मार्गाने मोजला. प्लाझ्मा अफेरेसिसच्या यंत्राने रुग्णांच्या रक्तातून विषाणू बाहेर काढला आणि त्या जादा उपशाने पातळी किती खाली येते ते पाहिलं. सी दिवसाला ९.१ ते ३६ आला, सरासरी २३. म्हणजे कणाचं अर्धायुष्य सहा तास नव्हे, २८ ते ११० मिनिटं.

डेल्टाचंही तसंच झालं, पण कारण निराळं. औषध पूर्ण प्रभावी आहे असं सूत्रात गृहीत आहे. प्रभाव एप्सिलॉन मानला, १ म्हणजे शंभर टक्के, तर सरळ रेषेचा उतार डेल्टा न राहता साधारण एप्सिलॉन × डेल्टा होतो. सी = ३, डेल्टा = ०.५ आणि प्रभाव ९० टक्के घेतला तर उतार ०.४४ येतो. तेव्हा एकाच औषधावर मोजलेला डेल्टा ही खालची मर्यादा होती. २००३ मध्ये मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जास्त ताकदीच्या उपचारावर मोजलं, तेव्हा डेल्टा दिवसाला १ च्या आसपास आला. अर्धायुष्य १.४ दिवसांवरून ०.७ दिवसांवर आलं.

अहवालात जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून फरकाचं कारण तुमच्या प्रोफाइलच्या आलेखावरून दाखवा. नुसतं "नंतर सुधारणा झाली" असं लिहिलं तर परीक्षक हमखास विचारणार.

आकड्यावरून उपचाराकडे

ट्रान्सलेशनल भाग बरेच जण शेवटच्या अर्ध्या पानात गुंडाळतात. त्याला किमान दोन पानं द्या.

पहिलं गणित रोजच्या उत्पादनाचं. स्थिर अवस्थेत जेवढं नष्ट होतं तेवढंच तयार होतं, म्हणून उत्पादन = सी × विषाणूकणांची एकूण संख्या. चाचणी आरएनएच्या प्रती मोजते आणि एका कणात दोन प्रती असतात, तेव्हा १,००,००० प्रती म्हणजे ५०,००० कण. पेशीबाहेरचं द्रव सुमारे १५ लिटर, म्हणजे १५,००० मिलिलिटर. सी = ३ घेतला तर रोज २.२५ अब्ज कण, २३ घेतला तर १७ अब्ज. दोनने भागायचं आणि लिटरचं मिलिलिटर करायचं, या दोन जागी सर्वाधिक चुका होतात.

दुसरं गणित औषधप्रतिकाराचं. मॅन्स्की आणि टेमिन यांनी १९९५ मध्ये एचआयव्हीच्या उत्परिवर्तनाचा दर एका आवर्तनात प्रति बेस (जनुकीय क्रमातलं एक अक्षर) ३.४ × १०^−५ असा मोजला. एका ठरावीक बेसचं एका ठरावीक बेसमध्ये रूपांतर म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, सुमारे १.१ × १०^−५. रोज एक कोटी नव्या पेशींना लागण होते असं उदाहरणादाखल धरा. (इथे कणांची संख्या घालू नका. बहुतेक कण कुठल्याच पेशीत शिरत नाहीत. उत्परिवर्तनाची संधी नव्या पेशीच्या संसर्गात असते.) मग एक ठरावीक उत्परिवर्तन रोज शंभरेक वेळा घडतं. दोन ठरावीक उत्परिवर्तनं एकाच वेळी घडायला सुमारे दोन वर्षं लागतात. तीन एकाच वेळी घडायला जवळपास दोन लाख वर्षं.

तीन औषधं एकदम का देतात, ते या तीन ओळींत आलं. एकेक औषध वाढवत गेलं तर विषाणूला एकेक पायरी चढायला मिळते, हेही त्यातच आलं. लॅमिव्ह्युडिनला निष्प्रभ करणारं एम१८४व्ही आणि नेव्हिरापिनला निष्प्रभ करणारं के१०३एन, दोन्ही एकाच बेसच्या बदलाने होतात. भारतात १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या फळीतल्या औषधांत नेव्हिरापिन होतं. त्यामुळे इथल्या कुठल्याही एआरटी केंद्रातले डॉक्टर हे नाव ओळखतात. मात्र या गणिताच्या मर्यादाही लिहा: विषाणूच्या जनुकांची अदलाबदल होते, काही उत्परिवर्तनं औषधाआधीच हजर असतात आणि वेगवेगळ्या उत्परिवर्तनांची जगण्याची ताकद सारखी नसते.

तिसरं गणित "औषध कधी थांबवता येईल?" याचं. १९९७ च्या 'नेचर'मध्ये पेरेल्सन यांच्या गटाने दीर्घायुषी संसर्गित पेशींचं अर्धायुष्य १ ते ४ आठवडे काढलं आणि त्यावरून २.३ ते ३.१ वर्षांत विषाणू संपेल असा अंदाज केला. इतर कुठेही साठा नसेल तर, अशी अट त्यात होती. १९९९ मध्ये विश्रांत सीडी४ पेशींमधल्या साठ्याचं अर्धायुष्य सुमारे ४४ महिने निघालं. त्या साठ्यात फक्त एक लाख पेशी मानल्या तरी एकावर यायला १६.६ अर्धायुष्यं लागतात. ४४ ने गुणा: साधारण ७३० महिने, म्हणजे साठ वर्षांहून जास्त. हा गुणाकार अहवालात पूर्ण मांडा. औषध आयुष्यभर का, याचं उत्तर रुग्णालाही यावरून सांगता येतं.

खऱ्या नोंदी घ्यायच्या असतील तर

प्रकाशित आलेखातले बिंदू वेबप्लॉटडिजिटायझरने उचलणं हा सर्वांत सरळ मार्ग. लॉग अक्ष आहे हे त्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर सगळे आकडे भलतेच येतात. रुग्णालयातल्या नोंदी हव्या असतील तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी, नोंदी नंतर. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा रुग्णाची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक करतो, तेव्हा नाव आणि नोंदणी क्रमांक काढलेली फाइलच हातात घ्या. नेहमीच्या एआरटी केंद्रावर विषाणूभार कित्येक महिन्यांच्या अंतराने मोजतात, त्यामुळे तिथल्या नोंदींवरून सी किंवा पहिल्या टप्प्यातला डेल्टा निघणार नाही. परवानगीसाठी चार महिने घालवण्याआधी हे लक्षात घ्या. याच विषयावर काम करणारी आयसीएमआरची संस्था पुण्यात भोसरीला आहे. १९९२ पासून ती राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून ओळखली गेली आणि आता तिच्या नावातच ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी हे शब्द आले आहेत. उन्हाळी कामासाठी तिकडे अर्ज करायचा असेल तर असा प्रकल्प सोबत असलेला बरा.

आज पहिल्या फळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्राविर ही एकत्र गोळी दिली जाते. यात प्रोटीएज इन्हिबिटर नाही. ही औषधं पेशीला नव्याने लागण होऊ देत नाहीत. पण आधीच संसर्गित पेशीतून येणारे कण संसर्गक्षमच असतात, म्हणजे निकामी कणांची राशीच उरत नाही. अशा नोंदींवर वरचं सूत्र लावलं तर फिट सुबक दिसेल आणि सी चुकेल. त्या वेळी पेशी सरळ डेल्टा दराने घटतात आणि गुणोत्तर असं येतं:

[सी × इ^(−डेल्टा×ट) − डेल्टा × इ^(−सी×ट)] ÷ (सी − डेल्टा)

मागे वाढवलेली रेषा मग १.४४ ला न टेकता १.२ ला टेकते, कारण वर्ग नाहीसा झाला. दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढून ठेवा.

सादर करताना

अहवाल दहा पानांवर नेऊ नका. आलेख चार पुरेत: फिट केलेला वक्र, प्रोफाइल, दोनशे ठिपके आणि दोन औषधगटांची तुलना. प्रत्येक अक्षावर एकक हवं, लॉग असेल तर पाया हवा. कोड, सीड आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एका फोल्डरमध्ये द्या. मॉडेल एसबीएमएल या प्रमाणित फाइल-स्वरूपात साठवलं तर परीक्षकाला ते कोपासीमध्ये थेट उघडता येतं.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "सी चा आकडा तुमच्या नोंदींवरून नीट निघतच नाही, तर मॉडेलमध्ये सी ठेवलाच कशाला?" प्रोफाइलचा आलेख समोर धरा आणि डावीकडची कडा दाखवा. सी कमीत कमी किती, हे नोंदी ठामपणे सांगतात. रोजचं किमान उत्पादन त्या खालच्या मर्यादेवरूनच निघतं. १९९६ चा दहा अब्जांचा आकडाही किमान उत्पादनाचाच होता.